तळ्यातल्या बाईचे कान

माझी बायको हाडांशी बोलते. म्हणजे तिचं कामच ते आहे. जुन्या, फार जुन्या माणसांची हाडं तिच्या टेबलावर येतात आणि ती माणसं कशी जगली असतील, हे ती त्यांच्याकडून हळूहळू काढून घेते. गल्लीत तिला ‘हाडवाली’ म्हणतात. शेजारच्या काकू एकदा गुडघा दाखवायला आल्या होत्या. “काकू, अजून हजारेक वर्षं थांबा, मग बघते,” असं ही म्हणाली. काकू बरेच दिवस आमच्याशी बोलत नव्हत्या.

मी शाळेत भूमिती शिकवतो आणि दुपारी लवकर घरी येतो. त्या वेळी घरात फक्त सासरे असायचे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं होतं. सासरे म्हणजे पोहण्याचे गुरुजी. शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी मोठं तळं आहे. त्याचं पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं. त्या पाण्यात त्यांनी निम्म्या शहराला पोहायला शिकवलं. धुकं असो, वारा असो, दिवस उजाडताना गुरुजी पाण्यात. सूर मारून तळाशी जायचे आणि मूठभर माती वर आणून दाखवायचे, म्हणजे पोरांची भीती मोडावी.

आमच्याकडे आले ते मात्र खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, आणि बसलेच. बोलणं अगदी कमी. बोलले तरी इतकं हळू, की मला पुढे वाकावं लागायचं.

“बाबा, चहा टाकू?”

“हो, वारा आहे खरा आज.”

दुःखाने माणूस असा होतो, असं मी धरून चाललो. म्हणून मीही आवाज खाली आणला. कपबशी ठेवताना वाजू द्यायचो नाही. दार हळू लावायचो. आमच्या दुपारी अशा जायच्या, की पडद्यातून येणारं ऊन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढायचं आणि आम्ही दोघे पुरुष ते बघत बसायचो. मला ते आवडतही होतं, खोटं कशाला बोलू? सगळं घर पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी तळ्याचा बांध दुरुस्त करायला पाणी खूप खाली उतरवलं. उघड्या पडलेल्या काठावर एक कबर सापडली. कुशीवर निजवलेली एक बाई, गुडघे पोटाशी घेतलेले, हाताशी मूठभर शिंपले. कित्येक हजार वर्षांपूर्वीची. एका गठ्ठ्यात, मातीसकट, ती बायकोच्या प्रयोगशाळेत आली.

ते दिवस आमच्या घरी ‘बाई’चेच होते. जेवताना बाई, भांडी विसळताना बाई.

“चाळिशी ओलांडली होती तिने,” बायको सांगायची. “कमरेच्या हाडावरून कळतं बाई आहे ते. दात पार झिजलेत. आणि खांदे काय आहेत! स्नायू जिथे हाडाला धरतात तिथे कंगोरे पडलेत. जन्मभर हात मारलेत तिने.”

“कुणाला?”

“पाण्यात हो. पोहताना.”

मी एकदा शाळेतून परस्पर तिकडे गेलो. प्रयोगशाळा म्हणजे संग्रहालयाच्या मागची लांबट खोली, उत्तरेला मोठ्या काचा, मधोमध टेबल, त्यावर फोमचा जाड थर आणि त्यावर बाई. बायको एका बारीक बांबूच्या काडीने तिच्या कानातली माती काढत होती. माती निघेल तशी एका वाटीत टाकत होती, कारण त्या मातीत कानातली इवलीशी हाडं असू शकतात, तांदळाच्या कणीएवढी. शेजारी फोटो काढणारे उजेडराव उभे होते. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते दिवसभर ‘उजेड, थोडा उजेड’ एवढंच म्हणतात, म्हणून उजेडराव.

खोलीत आवाज नव्हता. काडीची खरखरसुद्धा ऐकू येईना. मी एका स्टुलावर बसलो आणि मला वाटतं माझा डोळा लागला. स्वप्नात आमची बैठकीची खोली खिडकीपर्यंत पाण्याने भरली होती. आम्ही सगळे आपापल्या जागी बसलो होतो. सासूबाई पण होत्या. सगळे बोलत होते, ओठ हलत होते, आणि बोललेलं प्रत्येक वाक्य बुडबुडा होऊन छताकडे जात होतं. सासरे मान वर करून ते बुडबुडे बघत होते.

“अहो, उठा. हे बघा.”

बायको मला हलवत होती. उजेडरावांनी दिवा बाईच्या कानाशी धरला होता. मी वाकून बघितलं. जिथे सरळ भोक दिसायला हवं, तिथे दोन गुळगुळीत गोटे होते, हाडाचेच, एकमेकांना जवळजवळ टेकलेले. मधे सुई जाईल एवढी फट.

“हे काय?”

“गार पाण्याने असं होतं,” बायको म्हणाली. “वर्षानुवर्षं गार पाणी आणि वारा कानात जात राहिला, की आतलं हाड वाढायला लागतं. कान स्वतःला मिटून घेतो म्हणा ना. दोन्हीकडे तसंच आहे. हिला अगदी कमी ऐकू येत असणार.”

ती काडी खाली ठेवून बाईकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पण ही गप्प झाली असेल, नाही? कान असे बाहेरून बुजले की स्वतःचाच आवाज डोक्यात मोठा घुमतो. मग माणूस हळू बोलायला लागतो. लोकांना वाटलं असेल, हिला काहीतरी दुःख आहे...”

वाक्य तिथेच राहिलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. उजेडराव बिचारे दिवा धरून उभे. “काय झालं? उजेड कमी पडतोय का?”

हिने हातमोजे काढले आणि आम्ही तडक घरी आलो.

सासरे खिडकीपाशी पाठमोरे बसले होते. बायको दारातच थांबली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “बाबा.” ते हलले नाहीत. थोडं मोठ्याने, “बाबा!” बाहेर एक मुलगी सायकलवरून चालली होती, ते तिच्याकडे बघत राहिले. मग बायको जाऊन त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली. त्यांनी तिचा चेहरा बघितला आणि हसले.

“मने, आज लवकर?”

तिला ते लहानपणापासून मनी म्हणतात. तिने त्यांचा हात धरला आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, “बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही का?”

ते तिच्या ओठांकडे बघत होते.

“येतं की,” ते म्हणाले. “तुम्हीच हळू बोलता.”

“आम्ही?”

“ती गेल्यापासून. मला वाटलं, घरातलं माणूस गेलंय, म्हणून सगळे दबल्या आवाजात बोलताहेत. जावईबापू तर नुसते ओठ हलवतात. म्हटलं, यांना केवढं लागलंय. आपण कशाला मोठ्याने बोलून त्यांना आणखी दुखवायचं?”

मी भिंतीला टेकलो. हसू का रडू, कळेना. त्यांच्या दुःखाला जपायचं म्हणून आम्ही आवाज खाली आणला, आणि आमच्या दुःखाला जपायचं म्हणून ते गप्प बसले. दोन वर्षं होत आली होती.

सासूबाई होत्या तोवर हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, तेही मग उलगडलं. त्यांना काहीही सांगायचं तर त्या आधी सासऱ्यांच्या समोर येऊन उभ्या राहायच्या. कमरेवर हात, मान वर, आणि तोंड भरून बोलायच्या. आम्हाला ती त्यांची लकब वाटायची. कुणी काही विचारलं, की त्या वळून नवऱ्याला तेच पुन्हा सांगायच्या. त्यांना स्वतःला तरी हे कळलं होतं की नाही, देव जाणे. संसारात अशा सवयी कधी लागतात ते कुठे आठवतं?

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नळी घालून आत बघितलं आणि शीळ घातली, मग शीळ घातली म्हणून माफी मागितली. “आजोबा, तुम्ही काय माशांबरोबर राहत होता का?” हाड वाढलंय, कोरून काढता येईल, आतला कान चांगला दिसतोय, आधी एक करू, असं त्या म्हणाल्या. बायको ते सगळं सासऱ्यांसमोर उभी राहून पुन्हा सांगत होती. कमरेवर हात ठेवून. तिला त्याचा पत्ता नव्हता.

सासऱ्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. घरी आल्यावर विचारलं, “त्या बाईचं काय झालं?”

“कुठल्या?”

“तुझ्या. तळ्यातल्या.”

मग एका दुपारी आम्ही त्यांना प्रयोगशाळेत नेलं. उजेडरावांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती, पण ते बसले नाहीत. हात पाठीमागे बांधून टेबलाशी उभे राहिले, एखाद्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर उभं राहावं तसे. काचांतून दुधासारखा उजेड येत होता. बाई कुशीवर होती, तशीच, हाताशी शिंपले. बायकोने त्यांना कान दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून आत बघितलं आणि नकळत स्वतःच्या कानाला हात लावला.

“हिला कुणी सांगितलं असेल का गं, की तुला ऐकू येत नाही म्हणून?”

बायकोने मान हलवली. “ते हाडात राहत नाही, बाबा.”

“मग पाणी सोडलं असेल हिने?”

“नाही. हातांवरून वाटतं, शेवटपर्यंत उतरत होती.”

ते ऐकून, म्हणजे तिच्या ओठांवरून वाचून, सासऱ्यांचा चेहरा सैल झाला. “बरं केलं,” ते म्हणाले. “खाली गेल्यावर कुणालाच ऐकू येत नाही. तिथे ती सगळ्यांसारखीच.”

तिथून निघताना जिन्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, “जावईबापू, त्या डॉक्टर पोरीला विचारा, कान कोरायला कधी येऊ ते.”

ऑपरेशन ठीक झालं. थोडे दिवस पट्टी होती, चक्कर येत होती, आणि ते चिडचिडही करत होते. पट्टी काढली त्या दिवशी मी वर्तमानपत्र उलटलं, तर ते दचकले. “कागद एवढा ओरडतो?” घरी आल्यावर तर विचारायलाच नको. फ्रिज का कण्हतोय? नळाला काय झालंय? हा पंखा कायम असाच कुरकुरतो? वरच्या मजल्यावर कोण धावतंय?

“जावईबापू, तुम्ही जेवताना गुणगुणता.”

“मी? कधीपासून?”

“मला काय विचारता? मी तर आत्ताच आलोय.”

दुसऱ्या कानाचं पुढे बघू म्हणाले. खिडकीतली खुर्ची आता अर्धी वळवून घेतली, चांगला कान घराकडे. आमच्या दुपारी पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. मी भूमितीच्या वह्या तपासत असलो की ते मला मुलांची उत्तरं मोठ्याने वाचायला लावतात आणि पोटभर हसतात.

एका संध्याकाळी मात्र ते गप्प होते. बायको नुकतीच आली होती, पिशवी अजून खांद्यावरच होती.

“मने,” ते म्हणाले, “तुझ्या आईचा आवाज कसा झाला होता गं, शेवटी शेवटी?”

ती पिशवी न उतरवताच उभी राहिली.

“मी किती वर्षांत तो ऐकलाच नव्हता. आत्ता लक्षात येतंय. नुसता बघायचो. जुना आठवतो, लग्नातला, कोवळ्या पोरीचा. पण नंतरचा माझ्याकडे नाहीच.”

बायको त्यांच्या शेजारी, चांगल्या कानाच्या बाजूला बसली. “थोडा बसका झाला होता,” ती म्हणाली. “सकाळी जास्त. आणि ‘स’ म्हणताना शिट्टी वाजायची, नवे दात लावल्यापासून. रागावली की वर जायचा, एकदम पातळ व्हायचा. हसताना तर आवाजच यायचा नाही, नुसता श्वास.” तिने पिशवी मांडीवर घेतली. “मावशी म्हणते, फोनवर माझा आवाज अगदी आईसारखा वाटतो. फसते ती.”

“असं?”

“हो.”

सासऱ्यांनी डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले. “मग बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. आज काय केलंस ते सांग.”

आणि तिने सांगायला सुरुवात केली. सकाळी लहान मुलाची एक कवटी आली, दुधाचे दात अजून जागेवर आहेत. उजेडरावांचा दिवा फुटला. बसमध्ये जागा मिळाली नाही. बाहेर अंधारून यायला लागलं होतं, पण दिवा लावायला मी उठलो नाही. ती बोलत होती, आणि ते डोळे मिटून, एकही शब्द न चुकवता, ऐकत होते.