पामफिलबाबाचे नऊ निखारे

अख्खं गाव इलारिएच्या अंगणात लोटलं होतं. पामफिलबाबाने बादलीत नववा निखारा टाकला, तो चर्रकन विझला, आणि साडेतीन महिने लंगडणारा इलारिएचा वोयनिक घोडा सरळ चालू लागला. बायकांनी भराभर छातीवर क्रूस काढले.

"नजर लागली होती!" बाबा गरजला. "काळ्या डोळ्याची, हिरव्या डोळ्याची, दाराआडून बघणाऱ्या डोळ्याची! सगळी बुडवली! आता मंत्र गरम आहे तोवर घोडा पळवा. थंड झाला तर पुन्हा नऊ निखारे आणि मला पुन्हा एक मेंढी."

सप्टेंबरात वोयनिकच्या पुढच्या डाव्या पायाचा स्नायूबंध फाटला, तेव्हापासून इलारिए स्वतःला दोष देत होता. त्या दिवशी नजर लागू नये म्हणून लगामाला बांधतात तो लाल गोंडा बांधायचा राहून गेला होता ना! जनावरांच्या डॉक्टर ओलिम्पियाबाई म्हणाल्या होत्या, सहा महिने विश्रांती, मग रोज दहा मिनिटं नुसतं चालवायचं. दहा मिनिटं! आणि शर्यत तर चार दिवसांवर आलेली. सहा जानेवारीला पाद्री घोड्यांवर पवित्र पाणी शिंपडणार आणि लगेच वेशीबाहेर दौड सुटणार. गेली तीन वर्षं त्याची लेक झाम्फिरा तिथे पहिली येत होती.

इलारिएने झाम्फिराला खोगिरावर बसवलं. जमीन गोठून दगड झाली होती. वोयनिक डावा पाय जरा आपटत टाकत होता, अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखा. ते पाहूनही इलारिएने लगाम लेकीच्या हाती दिला.

"झाम्फिरा, खाली उतर!"

शेजारची अडलेली गाय मोकळी करून ओलिम्पियाबाई फाटकात उभ्या होत्या. झाम्फिरा उतरली.

"उशीर केलात, डॉक्टरीणबाई," बाबा हसला. "तुमचे सहा महिने, माझी सहा मिनिटं!"

"मग तुमचा मंत्र दोन तास थांबायला का घाबरतो?"

कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी खिशातलं पेन काढून वोयनिकच्या उजव्या पायाला टोचलं. त्याने पाय झटकला. मग डाव्या पायाला टोचलं. काहीच नाही.

"इलारिए, तू टोचून बघ."

इलारिएने टोचलं, मग जोरात टोचलं. माशी बसली तरी लाथ झाडणारा त्याचा घोडा ढिम्म उभा होता.

"गुडघ्याखाली बघ. केस भादरलेत, रक्ताचा ठिपका आहे. निखारे चुरचुरत होते तेव्हा तुम्ही सगळे बादलीकडे बघत होतात. पायाशी कोण होतं?"

"बाबाच," झाम्फिरा हळूच म्हणाली. "तेल चोळत होते."

"सुन्न करायची सुई दिलीय. दात काढताना आपल्याला देतात ना, तसली. दोन तासांत उतरेल. दुखणं गेलेलं नाही, घोड्याला ते कळेनासं झालंय. असा भरधाव सुटला असता तर स्नायूबंध पुरता तुटला असता. घोडा तोंडावर पडला असता, आणि पाठीवर कोण होतं, इलारिए?"

"थापा! मंत्र थंड होतोय!" बाबा आपल्या गाडीकडे सरकला.

लोहाराने वाट अडवली. "होऊ दे की, बाबा. थंडीचेच दिवस आहेत."

सगळे थांबले. जेवायलाही कोणी गेलं नाही. तासभर काहीच झालं नाही, तशी माणसं कुजबुजू लागली. मग झाम्फिरा लगाम धरून हळू फिरवत असताना वोयनिकची मान खालीवर होऊ लागली. थोड्या वेळाने तो डावा पाय टेकेना. लोहाराने बाबाचा तेलाचा डबा उलटा केला, तेव्हा तळातून सुई आणि तीन बाटल्या पडल्या.

इलारिएने लेकीला जवळ ओढलं. "मी स्वतःच्या हाताने पोरीला वर बसवलं. बाईंनी खरं सांगितलं ते मला नको होतं. यानं गोड सांगितलं, ते गिळलं."

मार्चमध्ये वोयनिकचा सराव पुन्हा सुरू झाला. पहिल्या आठवड्यात मऊ मातीवर, घड्याळ लावून, रोज दहा मिनिटं चाल. लोक थट्टा करत, "इलारिए, घोडा फिरवतोस की आजोबा?" तो चिडत नसे. थांबून प्रत्येकाला एवढंच सांगे, "ज्याला फार घाई आहे आणि जो तपासू देत नाही, त्याच्या हाती जनावर देऊ नका रे. आणि लेकरू तर नकोच नको."