फुलचंदशेठचा बटणांचा फोन

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे, तळहातात मावेन एवढाच. वरच्या अर्ध्या अंगात पडदा आणि खालच्या अर्ध्यात पस्तीस बटणं. तुमच्या घरातल्या लांबरुंद काचेच्या फोनांशेजारी मला ठेवलं, तर भलत्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा दिसेन. पण हसू नका. इंटरनेट, व्हॉट्सअ‍ॅप, नकाशे, सगळं मलाही येतं. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं माझं मीच म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हणत नाही.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथं एका बाईनं माझं एकेक बटण तीनतीनदा दाबून पाहिलं आणि मला डब्यात घातलं. डब्यातून निघालो तो थेट जळगावात, मेहरूणमधल्या एका फ्लॅटमध्ये. मला मागवलं होतं विधीनं. ती तेव्हा अकरावीत होती आणि मैत्रिणींपैकी कुणाकडेच नाही असा फोन तिला हवा होता.

आमच्या जातीचं एक दुर्दैव आहे. विकत घेणारा प्रत्येक जण आमच्याविषयी मत लिहितो आणि ते साऱ्या जगाला दिसतं. विधीनंही लिहिलं, तेही माझ्याच बटणांवर: "बटणं मस्त. कॅमेरा रद्दी. यावर व्हिडिओ पाहणं म्हणजे मुंग्यांचा सिनेमा. तीन तारे." आपलीच निंदा आपल्याच अंगावर लिहून घ्यायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. तिच्या मताच्या वर कुणीतरी लिहिलं होतं, 'खिशात आहे हे कळतच नाही.' खाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'खिशात आहे हे कळतच नाही, म्हणून हरवला.' पंधरा दिवसांत मी तिच्या टेबलाच्या खणात गेलो. तिथं एक मोडकं कंपासपेटीचं झाकण आणि मी, असे आम्ही दोघं दोन वर्षं पडून होतो. बोलायला कुणी नसलं की दिवस किती मोठा होतो, हे मला तिथं कळलं.

फुलचंदशेठ हे विधीचे दादाजी. त्यांचं दुकान साक्रीच्या बाजारपेठेत. डोंगराकडची माणसं मोहाची फुलं, डिंक, चारोळी आणत, ते शेठ घेत आणि त्यांना मीठ, तेल, साबण देत. शेठचं दुकान मालावर कमी आणि बोलण्यावर जास्त चालायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा पोरगा सुरतेला गेला, सगळं विचारल्याशिवाय तागडी हातात घ्यायचे नाहीत. मग त्यांच्या घशाला गाठ आली. मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला.

न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत म्हणतात. शेठनी आधी पाटी आणि खडू घेतला. पण पाटीवर लिहायचं तर मान खाली घालावी लागे. मान वर करीपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पोचलेलं असे. जे थांबत, त्यांच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नसे. शेठ गल्ल्यावर नुसते बसून राहू लागले. त्यांच्या पत्नी मोहनबाई आतून चहा पाठवायच्या आणि तो तसाच गार व्हायचा.

त्या दिवाळीत विधी साक्रीला गेली आणि मला बरोबर घेऊन गेली. तिनं माझ्यात एक सोय करून ठेवली होती. इंग्रजी बटणं दाबली की मराठी अक्षरं उमटायची, आणि शेवटचं बटण दाबलं की माझ्या पोटातून एक बाई ते मोठ्यानं वाचून दाखवायची. शेठनी मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. तरुणपणी धुळ्याला टायपिंगच्या क्लासला जात होते ते. दहा बोटांचं काम आता दोन अंगठ्यांवर आलं होतं, एवढंच. महिन्याभरात त्यांच्या अंगठ्यांना माझं एकेक बटण पाठ झालं. मग ते माझ्याकडे पाहीनासे झाले. मला पोटाशी धरायचे, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहायचे आणि बोलायचे.

बाजाराच्या दिवशी पहिला आला बिजला. डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस, तीस वर्षांपासून त्याचा डिंक याच दुकानात यायचा. शेठनी त्याच्याकडे पाहिलं, अंगठे हलले आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या शुद्ध आवाजात मी अहिराणी बोललो, "कसा शे बिजला? पोऱ्या बरा शे का?"

बिजलानं आधी दुकानात इकडंतिकडं बाई शोधली. मग सगळं ध्यानात आलं तेव्हा तो पोत्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "शेठ, तुन्हा आवाज बाईना व्हई गया!"

"तुले आवडना का?" मी विचारलं.

"आवाज कसाबी राहो," बिजला म्हणाला, "बोलनारा तूच शे. बठ्ठा बजारमा माले इचारनारा एक तूच शे."

शेठ हसले. आवाज नसलेलं हसू असतं ते, नुसते खांदे हलतात. मोहनबाई आतून पाहत होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. लगेच सावरून म्हणाल्या, "बटाट्याच्या फोडीएवढा तो फोन, धुण्यात जाईल एक दिवस." माझ्याविषयीचं त्यांचं मत कायम हेच राहिलं.

विधी जळगावला परत निघाली तेव्हा तिनं विचारलं, "दादाजी, तुम्ही किती तारे द्याल याला?" शेठनी तारे दिले नाहीत. त्यांनी लिहिलं, "माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलता येतं." मित्रांनो, ते मत कुठंही छापून आलं नाही. पण मला विचाराल तर माझ्याविषयी खरं तेवढं एकच लिहिलं गेलं.

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. शेठच्या दुकानाची एक रीत होती. सौदा ठरला की समोरच्याच्या तोंडात खडीसाखरेचा खडा घालायचा आणि आपणही घ्यायचा. तोंड गोड झालं की बोलणं संपलं. मग भाव चढो की पडो, शेठ फिरायचे नाहीत. एकदा चारोळीचा सौदा गोड झाला आणि दुसऱ्या दिवशी बाजार कोसळला. मोहनबाईंनी कपाळाला हात लावला. शेठनी लिहिलं, "साखर विरघळली, आता ती परत कशी काढणार?"

दोन वर्षांनी मोहनबाईंचे गुडघे गेले. मुलगा अखिल, म्हणजे विधीचे पप्पा, दोघांना जळगावला घेऊन आला. दुकानाला कुलूप लावलं ते थोड्या दिवसांसाठी म्हणून. अखिल मनानं चांगला माणूस. त्यानं वडिलांच्या वाढदिवसाला मोठा, चकचकीत फोन आणला. "बाबूजी, एवढ्याशा पडद्याकडे पाहून डोळे जातील तुमचे. हे खेळणं ठेवून द्या आता." शेठ माझ्याकडे पाहतच नव्हते, हे त्याला कुठं ठाऊक? मुलाचं मन मोडू नये म्हणून त्यांनी नवा फोन घेतला. मला हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवलं, दोन चिनी मातीच्या बदकांच्या मधे.

तिथून मला सगळं दिसायचं. काचेवर बटणं नसतात. अंगठ्याला काही लागत नाही, म्हणून पाहूनच लिहावं लागतं. शेठ मान खाली घालून एकेक अक्षर शोधू लागले. जेवताना गप्पा निघायच्या, शेठ लिहायला घ्यायचे, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत गप्पा क्रिकेटवरून लग्नावर आणि लग्नावरून भाजीवर गेलेल्या असायच्या. मग मधेच त्या फोनमधली बाई क्रिकेटवर काहीतरी बोलायची आणि सगळे हसायचे. कुणी वाईट हेतूनं हसत नव्हतं. पण हळूहळू शेठनी लिहिणं सोडलं. विधीची मम्मी धरून घरात पाच माणसं, पाच फोन, आणि त्या पाचांत एक माणूस एकटा. मी काचेआडून पाहत होतो. माझी बॅटरी संपत आली होती, पण त्याहून ते पाहणं जड होतं.

एका रविवारी सकाळी प्रेमराज आले. लांबचे नातेवाईक, धुळ्याचे कापडवाले. त्यांना साक्रीचं दुकान विकत हवं होतं. येताना पेढ्यांचा डबा आणला होता. अखिलनं सगळं समजावून सांगितलं, कुलूपबंद दुकानाला उंदीर लागलेत, आईचे गुडघे असे, बाबूजींची तब्येत तशी.

प्रेमराज रीतीचे माणूस. म्हणाले, "ते सगळं ठीक. पण शेठना विचारलंत का?"

"बाबूजी, चालेल ना?" अखिलनं विचारलं.

शेठनी फोन उचलला, मान खाली घातली आणि लिहू लागले.

मित्रांनो, आमच्या या घरांत लग्नाची बोलणी असोत की व्यवहाराची, वडीलधाऱ्यानं काही न बोलता मान खाली घातली की तो होकार धरतात. नकार असेल तर माणूस मान वर करून बोलतो. आजवर असंच चालत आलंय. अखिलनं क्षणभर वाट पाहिली. मोहनबाई म्हणाल्या, "त्यांना काय विचारायचं, आता नातीजवळच राहायचंय ना." त्यांना साक्रीच्या उन्हाचा आणि एकटेपणाचा खरोखरच कंटाळा आला होता. अखिल प्रेमराजना म्हणाला, "बघा, बाबूजींची हरकत नाही."

हरकत होती! मला इथून दिसत होती. त्यांचा अंगठा काचेवर घसरत होता, चुकलेलं अक्षर पुसत होता, पुन्हा लिहीत होता. मी ओरडलो असतो, पण मला तोंड आहे ते दुसऱ्याच्या अंगठ्यांचं.

शेठनी मान वर केली. खुर्च्या सरकल्या होत्या, सगळे उभे होते. जुन्या सवयीनं बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि प्रेमराजनी मोठ्या आदरानं त्या उघड्या तोंडात पेढा घातला.

शेठनी पेढा गिळला. ऑपरेशन झालेल्या गळ्यातून तो उतरायला वेळ लागला. फोन त्यांनी मांडीवर पालथा ठेवला.

पेढे वाटता वाटता विधी त्यांच्याजवळ आली. काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं तो फोन उचलला आणि वाचला. तिचा चेहरा उतरला. "पप्पा, थांबा! दादाजी नाही म्हणतायत. यात लिहिलंय, 'दुकान विकू नका. बाजाराच्या दिवशी मला तिथं बसू द्या. इथं माझ्याशी कुणी बोलत नाही.'"

अखिलच्या हातातला पेढा हातातच राहिला. मोहनबाई हळूच म्हणाल्या, "अहो, मला तरी सांगायचं." मग त्यांच्या वाटचं उत्तर आपणच देऊन टाकलं, हे त्यांना उमजलं आणि त्या रडू लागल्या.

प्रेमराज भला माणूस. म्हणाले, "शेठ, अजून काहीच बिघडलेलं नाही. कागद झालेला नाही. नाही म्हणा, मी आनंदानं परत जातो."

शेठनी नकारार्थी मान हलवली आणि आपल्या तोंडाकडे बोट दाखवलं. तोंड गोड झालं होतं. पन्नास वर्षांत जे केलं नाही ते आता कसं करणार? अखिलनं हात जोडले, विधी भांडली, पण शेठ हलले नाहीत. आठवड्याभरात त्यांनी सही केली.

विधीनं त्या रविवारी संध्याकाळीच मला बदकांमधून बाहेर काढलं, पुसलं, चार्ज केलं आणि दादाजींच्या हातात ठेवलं. मला पाहून ते हसले नाहीत. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, "बिजलाला मी स्वतः सांगेन."

सही झाल्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी अखिल आम्हाला साक्रीला घेऊन गेला. दुकान रिकामं होतं. पोती गेली होती, तागडी गेली होती. शेठ उंबऱ्यावर बसले. उन्हं चढल्यावर बिजला आला, डोक्यावर डिंकाचं गाठोडं. इतके बाजार तो येऊन कुलूप पाहून परत जात होता, हे त्यानं हसत सांगितलं. शेठनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि अंगठे हलवले. मी सगळं सांगितलं. दुकान गेलं, आता इथं कापड विकलं जाईल, शेठ जळगावलाच राहणार. बातम्या देणाऱ्या बाईच्या त्या आवाजात ते फार परकं वाटत होतं.

बिजलानं गाठोडं खाली ठेवलं. रिकाम्या दुकानात डोकावून पाहिलं. मग त्यानं विचारलं, "मंग तू काहीच बोलना नही, शेठ?"

शेठचे अंगठे माझ्या बटणांवर होते. माझी बॅटरी भरलेली होती, बाई बोलायला तयार होती. पण अंगठे हलले नाहीत. बिजला थांबला. तो घाईचा माणूस नव्हता, त्यानं खूप वाट पाहिली. शेवटी शेठची मान खाली गेली, आणि या खेपेला ते काहीच लिहीत नव्हते.

मित्रांनो, आज मी पुन्हा त्यांच्या खिशात असतो. माझी दोन बटणं झिजलीत, बॅटरी दुपारपर्यंतच टिकते. जेवताना आता सगळे त्यांच्यासाठी थांबतात, अखिल तर घासही हातात धरून थांबतो. पण शेठ फारसं लिहीत नाहीत. मला जपा, पुसून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यासारखे फोन येतील आणि जातील. एवढंच मागतो, तुमच्या घरात कुणी सावकाश बोलत असेल, अडखळत असेल, लिहून सांगत असेल, तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. त्याला उशीर होतो, पण तो बोलत असतो.