उंबऱ्याखालचे दोन जोड

बुधवारी दुपारपर्यंत साइयाने अकरा जोड केले आणि त्यातले सात हातोडीच्या एकेका फटक्यात सुटले. उरलेल्या चारांवर फटका मारायची त्याची छाती झाली नाही.

वेल्डिंगची रेघ म्हणावी तर ती रेघ नव्हतीच. बिघडलेल्या भज्यांसारखे भोकाभोकांचे गोळे एकापुढे एक बसले होते. करंट कमी केला की रॉड पाइपला चिकटायचा, वाढवला की पाइपालाच भोक पडायचं. साइयाच्या पायाला भिंगरी लागली होती. मशीन बंद कर, अंगणात दोन फेऱ्या मार, पुन्हा काच डोळ्यांवर ओढ, पुन्हा बंद कर, असं सकाळपासून चाललं होतं.

शनिवारी त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि लग्नाला ऑकलंडहून लेसिएलीआत्या येणार होती. आत्या म्हणजे घरातली सगळ्यात मोठी असामी. साइयाचा बाप हयात होता तेव्हा तोही बहिणीच्या शब्दाला कधी ‘का’ म्हणाला नाही. तिचे गुडघे गेल्यापासून ती चाकाच्या खुर्चीत असते. गेल्या वर्षी भावाच्या मयताला आली तेव्हा चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या होत्या. तिचा झगा अडकून वर सरकला आणि मागे कोणीतरी फिसकन हसलं. परत जाताना ती साइयाला म्हणाली होती, “मी काय भाजलेलं डुक्कर आहे, चौघांनी उचलून न्यायला? पुढच्या वेळी माझी मी आत येईन. नाहीतर येणारच नाही.”

म्हणून पायऱ्यांशेजारी हा लोखंडी उतार. पण मशीनही आत्यानंच पाठवलेलं होतं. ऑकलंडहून आलेल्या पिंपात बीफचे डबे, चादरी, आणि मधोमध स्वस्तातली ती लाल पेटी. आत्यानं दिलेल्या वस्तूला नाव ठेवायची आपल्याकडे सोय नाही. साइयाने वाऱ्यावर खापर फोडलं, पाइपावर फोडलं, साऱ्या वावाऊ बेटाच्या विजेवर फोडलं. मनातल्या मनात एकदा मशीनला शिवी दिली आणि लगेच आत्यालाच दिल्यासारखा घाबरला.

त्याची बायको मेलेनाइते म्हणाली, मोसेसेकाकांना बोलाव. धक्क्यावर तीस वर्षं बोटी दुरुस्त केलेला म्हातारा. साइया नको म्हणाला. मोसेसेची जीभ फार वाईट. लाल पेटी बघून तो काहीतरी बोलणार आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर होणार. गुरुवारी सकाळी मेलेनाइते नवऱ्याला न विचारता गेली आणि म्हाताऱ्याला घेऊन आली.

मोसेसेने मशीनकडे पाहिलंच नाही. तो वायरीमागून चालत गेला. घरामागच्या बोर्डापासून दोन बारीक वायरी एकमेकींना जोडून आणल्या होत्या आणि त्यांचा अर्धा भाग अजून वेटोळ्यातच होता. त्यानं वेटोळ्याला हात लावला. ते गरम होतं.

“यातून वीज चालत येते की रांगत?” त्यानं विचारलं. मग अर्थिंगचा चिमटा बघितला, तो रंगवलेल्या पाइपाला लावला होता. “आणि हे काय, रंगाला अर्थिंग? खरवडून चकचकीत लोखंड काढ आधी.”

शेवटी त्यानं दोन रॉड एकमेकांवर आपटले. आवाज अगदी बद्द आला. रॉडचं पाकीट दोन वर्षं उघडंच, न्हाणीवरच्या फळीवर पडलं होतं.

“हे रॉड नाहीत, चहात बुडवलेली बिस्किटं आहेत. वाळव त्यांना,” मोसेसे म्हणाला. “मशीनला धाड भरलेली नाही, साइया. तू जे भरवशील तेच ते ओकणार.”

साइयाला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. मोसेसेने घरी जाऊन आपली जाड वायर पाठवून दिली. साइयाने पाइप खरवडला. राहिलं रॉड वाळवायचं.

दुपारी पाहुण्यांसाठी उमू, म्हणजे जमिनीतली चूल, लागत होता. खड्ड्यात धोंडे तापून पांढरे झाले होते. याहून गरम जागा गावात कुठली? साइयाने पाकीटभर रॉड तारोच्या कंदांवर मांडले, वर केळीची पानं घातली आणि माती लोटली. उमूत काही भाजत नाही, सगळं वाफेवर शिजतं, हे तो चव्वेचाळीस वर्षं खात आला होता. पण तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. उमू उघडला तेव्हा रॉडवरचं आवरण ओल्या गिलाव्यासारखं निथळून कंदांना लागलं होतं.

“वरचा एक थर टाकावा लागेल,” मेलेनाइते म्हणाली. “रॉड जरा जास्तच शिजलेत.”

तो हसला नाही. ती आत जाऊन मशीनच्या पेटीमागे पडलेले नऊ रॉड शोधून घेऊन आली. अन्न काढल्यावर खड्ड्यात नुसते धोंडे उरले होते, वाफ निघून गेली होती आणि हात धरवत नव्हता. त्या कोरड्या धोंड्यांवर तिनं रॉड ओळीनं ठेवले आणि त्याला बजावलं की तासभर हात लावायचा नाही. साइया तासभर खड्ड्याभोवती फिरत राहिला.

मग पहिला जोड. तेलात मासा पडावा तसा एकसारखा चर्रर्र आवाज आला. वरची काळी खपली आपोआप उचलली गेली आणि खाली चकचकीत, एकसारखी रेघ. त्यानं हातोडा मारला, हातोडाच परत उसळला. त्याला रडायला आलं.

एका जोडाला एक रॉड लागला. नऊ रॉडांत नऊ जोड पक्के झाले. अडचणीच्या जागेतले, उंबऱ्याखालचे दोन त्यानं शेवटी ठेवले होते. ते बुधवारचेच राहिले. दुकानात रॉड नव्हते, बोट पुढच्या गुरुवारी. त्यानं ते दोन ग्राइंडरने घासले आणि रुपेरी रंग मारला. रंगवल्यावर ते सगळ्यांत देखणे दिसत होते. शुक्रवारी तो पंधरा वेळा वाकून तिथं बघून आला. काय पडलंय, असं मेलेनाइतेने विचारलं. काही नाही, म्हणाला.

शनिवारी आत्या गाडीतून उतरली. कमरेला मानाची म्हणून गुंडाळलेली जुनी बारीक विणीची चटई, केसांत फूल. उन्हात चमकणारा उतार तिला दिसला आणि तिचा सगळा चेहरा खुलला. मागून कोणी खुर्ची ढकलायला आलं, त्याला तिनं दूर केलं आणि आपले दोन्ही हात चाकांवर ठेवले.

साइया धावत पायऱ्या उतरला आणि उताराच्या तोंडाशी, तिच्या चाकांपुढेच, मांडी घालून बसला. आत्यापुढे उभं राहायचं नसतं म्हणून बसला. पण आत्याची वाट तर कोणी बसूनही अडवत नाही.

“आत्या, यावरून जाऊ नका.”

“का रे?”

“उंबऱ्याखालचे दोन जोड कच्चे आहेत. मी वरून रंग दिलाय.”

“माझ्या मशीननं दगा दिला?”

“नाही. मशीन चांगलं आहे. माझं चुकलं.”

“कधीपासून माहीत होतं?”

“गुरुवारपासून.”

“आणि मी चाकांना हात लावल्यावर सांगतोस.”

चार पुरुष खुर्ची उचलायला पुढे झाले. आत्यानं तळहात दाखवला, ते थांबले. मग तिनं साइयाला हातोडा आणायला सांगितलं.

त्यानं वाकून मारला. दोन्ही जोड एकाच फटक्यात गेले आणि उताराचं वरचं टोक धाडकन जमिनीवर आलं. तिथं ती असती. चाकावरचा हात आत्यानं पदर सावरल्यासारखा चटईखाली नेला.

“मी उचलून घेणार नाही,” ती म्हणाली. “इथंच बसते.”

आत्या बसेल तीच कार्यातली मानाची जागा. आतल्या चटया बाहेर आल्या, पाद्री आले, भाजलेलं डुक्कर आलं, नवरी झगा सावरत पायऱ्या उतरून खाली आली आणि लग्न उताराच्या तोंडाशी लागलं.

साइया वाढायला वाकला तेव्हा आत्या हळूच म्हणाली, “सोमवारचं माझं तिकीट बदल. गुरुवारी रॉड आले की जोड कर, शुक्रवारी मी आत येते.”

“हो, आत्या.”

“आणि जोड मी बघितल्याशिवाय रंग द्यायचा नाही.”

त्यानं मान हलवली आणि तिच्या पानात तारोचा कंद वाढला.