थुंकायची बादली

केंटकीतल्या आपल्या गोदामात डेलमरने मुलीला आधीच बजावलं होतं, "टेसा, चांगल्याभल्या जुन्या बर्बन व्हिस्कीचं तू वाइनच्या पिंपात घालून वाटोळं केलंयस. मला आवडली नाही, तर सगळी गटारात जाईल."

त्याने घोट घेतला आणि डोळे मिटून तोंडात घोळवत राहिला. चाखलेली दारू तो कधीच गिळत नसे. बादलीत थुंकून मगच निकाल द्यायचा.

कपाळाला आठ्या घालत तो बादलीपाशी गेला, वाकला आणि तसाच थांबला. तोंडात थुंकायला काही उरलंच नव्हतं.

"बाबा?"

"दात काढू नकोस!" तो खेकसला आणि रिकामा ग्लास पुढे केला. "ओत अजून. नीट कळली नाही."