सुंदरा नर्सचा उजवा हात

गावात दवाखाना झाला की आपण नारळ फोडतो, पण त्यात बसायला माणूस आणायचा कुठून? एकोणीसशे एकोणसाठच्या सुमारास मुळशीत हे काम भिवाजी करायचा. पुण्यात शिकलेले डॉक्टर, नर्स, कंपाउंडर हेरायचे आणि गावोगावच्या दवाखान्यांना मिळवून द्यायचे, हाच त्याचा धंदा. गावानं एखाद्याला हाकललं, बडवलं, तरी हा मुकाट्यानं दुसरा आणून द्यायचा. कशाला हवी नसती उठाठेव!

रिहे गावचा कारभारी हैबतराव, त्याचा निरोप आला, "दुसरी नर्स आना. घरंदाज बगा." भिवाजी गेला, तर दवाखान्यात बाटल्यांचा चुरा पडलेला. भिंतीशी सुंदरा बसलेली, कपाळ फुटलेलं, उजवा हात मनगटातून लोंबत होता. मेंढक्याच्या घरची ही पोर त्यानंच इथं आणली होती.

"कुणी मारलं?"

"हैबतरावांनी. त्यांचं आठ दिसांचं लेकरू गेलं, दादा. जबडा आवळला, अंग ताठलं. बाळंतपण मी केलं, म्हंजी मीच मारलं म्हनत्यात."

"नाळ कशानं कापलीस?"

"उकळल्या कात्रीनं. मागनं कुणीतरी वर शेण लावलं. त्यातनंच धनुर्वात झाला. तेवढं बोलले, तर हातावरच काठी घातली."

भिवाजीला स्वतःची लाज वाटली. मागच्या साली एका कंपाउंडरचं डोकं फुटलं, तेव्हा आठवड्यात त्यानं त्या गावाला दुसरा दिला होता. त्याला वाटलं, मारणाऱ्यांना आपणच तर सोकावून ठेवलं.

सुंदराला पुण्याला न्यायला त्यानं बैलगाडी जुंपायला लावली आणि तसाच हैबतरावाच्या अंगणात गेला.

"दुसरी नर्स मिळायची न्हाई. ह्या गावाला मी आता माणूस देनार न्हाई."

हैबतरावाचे डोळे रडून सुजले होते. त्यानं काठी उचलली नि भिवाजीच्या खांद्यावर हाणली. दुसरा घाव तोंडावर बसला, दात पडला. तिसऱ्याला हैबतरावाची आई गोजराबाई मधे आली.

"मला हाण. शेण म्या लावलं!"

हैबतरावाची काठी वरच राहिली.

"त्या पोरीनं माझा हात धरला व्हता, लावू नका म्हनली. ती गेल्यावर लावलं. सासूनं शिकिवलं तेच केलं. तुज्या आधीची माझी तीन लेकरं अशीच आठव्या दिशी गेली, हैबती. दरखेपी सटवाईला बोल लावला. आज ह्या पोरीला लावला. आपली चूक कवा बगायची रं?"

काठी गळून पडली. हैबतराव आईच्या पायाशी बसून हमसून हमसून रडला.

सुंदराचं हाड जुळलं, पण दोन बोटं कायमची वाकडी राहिली. भिवाजीनं तिला पुण्यात चांगली नोकरी बघून दिली. हैबतराव तिथं जाऊन तिच्या पाया पडला. ती म्हणाली, "तुमची माफी नगं. प्रत्येक बाळंतिणीपाशी गोजराआज्जीनं आठ दिस राखणीला बसावं. नाळंला कुणाचं बोट लागता कामा नये. कबूल असंल तर परत रिह्याला येते."

सुंदरा परत आली, म्हातारी राखणीला बसली. पुढच्या दोन सालांत रिह्यात धनुर्वातानं एकही तान्हं गेलं नाही.

बंधूंनो, भगिनींनो, घरात दुःख झालं की आपल्याला मारायला कुणीतरी हवं असतं, आणि हाताशी सापडते ती शिकलेली गरीब पोर. काठी उचलण्याआधी विचारा, घरात काय केलं होतं? आणि मार बघून गप्प राहतो, त्याचाही त्या काठीला हात लागलेला असतो.