उजेडात पाहून घेतलेले रिव्हॉल्वर

मी एक जुने रिव्हॉल्वर आहे. मित्रांनो, लगेच मागे सरकू नका. माझ्या पोटात या क्षणी एकही गोळी नाही, आणि माणसावर तर मी उभ्या आयुष्यात कधी चालले नाही. कारखान्यात तपासणीच्या वेळी काही गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे एका मालकाने सरावाच्या मैदानावर कागदी निशाणावर बारा गोळ्या झाडल्या. त्यातली एक कागदाला लागली, तीही शेजारच्या माणसाच्या कागदाला. एवढीच माझी मर्दुमकी.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पोलाद कोरून माझी नळी केली, सहा घरांची चकरी बसवली आणि वर काळी झिलई चढवली. तेव्हा मला वाटत होते, आपण आता सीमेवर जाणार, नाव काढणार. प्रत्यक्षात मी गेले डोंगरातल्या एका कॉफीच्या मळ्यावर. मालकांचे नाव रत्नाकर. त्यांनी मला रानडुकरांच्या धास्तीने घेतले आणि कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवून दिले. पंधरा वर्षे मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात काढली. रानडुकरांना माझा पत्ताही लागला नाही. पुढे रत्नाकर थकले, मळा विकला आणि मला बंगळुरातल्या महांतेशअण्णांच्या बंदुकीच्या दुकानात देऊन गेले.

महांतेशअण्णा सीमाभागातल्या चिकोडीकडचे. गिऱ्हाइकांशी कन्नड बोलत, घरच्यांशी मराठी, आणि आम्हा हत्यारांशी दोन्ही. दर शनिवारी ते मला तेलाच्या फडक्याने पुसत. पण गिऱ्हाईक काही लाभेना. येणारा प्रत्येक जण लांब नळीच्या बंदुकांकडे पाही आणि मला नाक मुरडी. एकाने तर विचारले, "ह्याच्यावर सिगारेट पेटते काय?" मित्रांनो, मला फार लागले ते. पोलादालाही मन असते.

अशा वेळी एके दिवशी दुपारी त्रिविक्रमराव आणि त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई दुकानात आले.

त्रिविक्रमराव म्हणजे चिकपेटेतले, बंगळुरातल्या जुन्या बाजारपेठेतले, साड्यांचे व्यापारी. त्यांचे घराणे तीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आले आणि इथलेच झाले. चिकपेटेतले दुकान आजोबांनी काढलेले. दीडेक वर्षापूर्वी दुकान बंद करून मेट्रोकडे जाताना अंधाऱ्या वळणावर दोन पोरांनी त्यांना सुरा दाखवला आणि हातातली पिशवी हिसकावून नेली. पिशवीत होते काय, तर दहीभाताचा रिकामा डबा आणि वाचायचा चष्मा. नुकसान काहीच नव्हते, पण त्या दिवसापासून ते वळण त्यांना चालवेना. ते उजेड असतानाच दुकान बंद करू लागले. पेठेत कोणी विचारले, तर पिशवी ऑटोत विसरली म्हणून सांगत. आजोबांच्या गादीवर बसणारा माणूस घाबरला, हे लोकांना कळायला नको होते.

त्यांची मुलगी अनुषा शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहते. ती म्हणाली, "अप्पा, दुकान द्या कोणाला तरी आणि इकडे या." त्रिविक्रमरावांनी दोन दिवसांची मुदत मागितली. मग बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. परवाना हाती यायला वर्ष गेले. आता प्रश्न एवढाच होता, की ते वळण ते पुन्हा चालणार, की आजोबांचे दुकान सोडणार. आणि याचे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर, म्हणजे लायटर म्हणून हिणवल्या गेलेल्या माझ्यावर येऊन पडली.

"असं दाखवा, की अंगावर आहे हे कोणाला कळणार नाही," त्रिविक्रमराव म्हणाले.

"आणि पँट खाली ओढणारं नको," पद्मावतीबाई म्हणाल्या.

महांतेशअण्णांनी आधी एक चपटे पिस्तूल काढले. "लपवायला हेच बेस्ट ओ. पोटावर कागदासारखं बसतंय. पण वरचा भाग मागं ओढून बघा, जमतंय काय."

त्रिविक्रमरावांनी ओढले. मग ओठ आवळून ओढले. मग गुडघ्यात धरून ओढणार, तेवढ्यात महांतेशअण्णांनी ते हळूच काढून घेतले. "बेडा ओ अण्णा, नको. वेळेला जे ओढवणार नाही, ते लपवून काय उपयोग?" दुसरे लांब नळीचे होते. ते कमरेला लावून त्रिविक्रमराव खाली बसले, नळी मांडीत रुतली आणि ते तसेच पुन्हा उठले. तिसरे मी.

मित्रांनो, हत्यार निवडायला आलेली माणसे मी पुष्कळ पाहिली होती. कोणी नेम धरतो, कोणी खटका पाहतो. या दोघांनी मला साडीसारखे पाहिले. त्रिविक्रमरावांनी आधी मला तळहातावर तोलले आणि म्हणाले, "सातशे ग्रॅमच्या आसपास. एका भरजरी साडीएवढं." ते अचूक होते. मग माझी झिलई अंगठ्याने चोळून पाहिली. मला उलटे केले. पद्मावतीबाईंनी विचारले, "घामानं रंग जातो काय हो ह्याचा? ह्यांना घाम फार." महांतेशअण्णांनी आधी माझी सगळी घरे रिकामी आहेत हे दोघांना दाखवले आणि मग शांतपणे उत्तर दिले, की रोज पुसले तर जात नाही.

"काळा आहे, की निळ्याकडे जाणारा?" त्रिविक्रमरावांनी विचारले. "ट्यूबलाईटमध्ये काही खरं दिसत नाही. थांबा स्वल्प, उजेडात बघतो."

आणि चाळीस वर्षांच्या सवयीने ते मला घेऊन दुकानाच्या पायरीवर गेले. चिकपेटेत कोणतेही चांगले गिऱ्हाईक साडी दारात नेऊन उन्हात पाहिल्याशिवाय घेत नाही, आणि व्यापारी तर नाहीच नाही. त्यांनी हात लांब केला, मला सूर्याकडे धरले, एक डोळा मिटला आणि माझी छटा पाहू लागले.

रस्त्यावर काय झाले ते आता सांगायलाच हवे. समोरचा ऑटोवाला ऑटो चालू ठेवून पसार झाला. केळ्यांची गाडी आपोआप उताराला लागली. दोन बायका एकाच खांबामागे लपायला गेल्या आणि एकमेकींना आदळल्या. त्रिविक्रमरावांना यातले काही दिसले नाही. त्यांनी मला तिरके केले, पुन्हा सरळ केले आणि आत वळून ओरडले, "काळाच आहे ग! पक्का काळा!"

"ओ अण्णा, आत आणा की ते!" महांतेशअण्णा धावत आले. त्यांच्या आधी चौकातला पोलीस येऊन पोहोचला होता. तो लांबूनच म्हणाला, "एन्री सर, इदु एनु? काय आहे हे?"

"रंग बघतोय," त्रिविक्रमराव म्हणाले, आणि मग आपल्या हातात काय आहे ते त्यांना दिसले. ते एवढे पांढरे पडले, की त्यांच्या शेजारी मी आणखीच काळे दिसू लागले. महांतेशअण्णांनी माझी रिकामी चकरी उघडून दाखवली, परवाना दाखवला, अर्धा तास समजूत घातली. पोलिसाने त्रिविक्रमरावांकडे निरखून पाहिले. "माझ्या बायकोची लग्नातली साडी तुमच्याच दुकानातली, आणि तुम्ही ती अशीच उन्हात दाखवली होती," तो म्हणाला. म्हणून प्रकरण दटावण्यावर मिटले. लपवायचे हत्यार घ्यायला आलेल्या माणसाने ते आधी सगळ्या रस्त्याला दाखवले होते. तरीही त्यांनी मलाच घेतले. मला रडू आले असते, पण माझ्यासारख्यांना पाण्याचे वावडे.

आता माझ्या नोकरीची वर्षे. वर्षे कसली, महिनेच ते. मला एका चामडी खोळीत घालून त्रिविक्रमराव सदऱ्याच्या आत कमरेला लावत. मेट्रोत हत्यार चालत नाही, म्हणून जाणे-येणे ऑटोने सुरू झाले, आणि चिकपेटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी त्यांच्या बरगडीत घुसत असे. त्याहून वाईट म्हणजे साडीच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसावे लागते. मांडी घातली, की मी पोटात रुते. साडी फेकून उलगडायला ते पुढे वाकले, की सदरा वर सरके. मग ते घाईने एक हात कमरेवर दाबत आणि उरलेल्या हाताने सहावारी साडी उलगडत.

चार दिवसांत पेठेत बातमी पसरली, की त्रिविक्रमअण्णांची कंबर धरली आहे.

नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटले, तर मग हात कशाला दाबता, हा प्रश्न आला असता. त्यामुळे त्यांनी सगळ्यांची सहानुभूती निमूटपणे सोसली. पायरीवर फुले विकणाऱ्या सोयराबाईंनी एरंडेल आणून दिले. शेजारी कुलपांचे दुकान असलेल्या देवाप्पांनी आपला जुना कमरपट्टा आणला आणि म्हणाले, "हा बांधा अण्णा. दोन वर्षं मलाही होता त्रास." त्यांनी तो स्वतःच्या हातांनी बांधायला घेतला, तेव्हा त्रिविक्रमराव गादीवरून उडी मारून आतल्या खोलीत पळाले. कंबर धरलेला माणूस एवढी उडी मारतो, याचे देवाप्पांना फार नवल वाटले.

एवढे करूनही संध्याकाळ झाली, की त्यांची छाती धडधडू लागे. ती मला ऐकू यायची. उजेड असताच ते दुकान बंद करत, ते अजूनही तसेच. मी कमरेला होते तरी ते वळण त्यांनी एकदाही चालून पाहिले नाही. मित्रांनो, मला स्वतःची लाज वाटली. ज्या एका कामासाठी मला घेतले, तेच माझ्याने होत नव्हते. एकदा त्यांनी फोनवर अनुषाला सांगितले, "दसरा होऊ दे. मग ठरवू दुकानाचं." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

आयुधपूजा आली. बंगळुरात त्या दिवशी ज्याचे जे हत्यार, त्याला कुंकू लागते. शिंप्याची कात्री, ड्रायव्हरची गाडी, हापिसातला कॉम्प्युटरसुद्धा. त्रिविक्रमरावांच्या दुकानात दर वर्षी कापड मोजायचा पितळी गज आणि कात्री पूजेला असत. पद्मावतीबाई मात्र हट्टाला पेटल्या. "कात्रीला हार घालायचा, आणि खरं आयुध घरात असून त्याला कुंकू नाही? दोष लागेल."

"लोक येतात प्रसादाला. कळेल सगळ्यांना."

"झाकून ठेवते. सरी? मग तर झालं?"

सकाळी त्रिविक्रमरावांनी गोळ्या तिजोरीत टाकल्या, मला दोनदा उघडून रिकामे असल्याचे पाहिले आणि पूजेच्या चौरंगावर गजाच्या मागे, एका जरीच्या कापडाखाली ठेवले. पूजा सुरू झाली. देवाप्पा आले, सोयराबाई आल्या, आजूबाजूचे आठ-दहा दुकानदार आले. पूजा सांगणारे भगवंतराव शास्त्री शिस्तीचे. गजाला कुंकू लावले, कात्रीला लावले, मग जरीच्या कापडाकडे पाहिले. "हे कोणतं आयुध? झाकलेल्याला कुंकू कसं लावू?" असे म्हणून त्यांनी कापड उचलले.

घंटा वाजायची थांबली.

देवाप्पांनी माझ्याकडे पाहिले, मग त्रिविक्रमरावांच्या कमरेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "म्हणजे कंबर...?"

"कंबर चांगली आहे," त्रिविक्रमराव म्हणाले. सगळे एवढे हसले, की शास्त्रीबुवांच्या हातातली हळद सांडली. पण त्रिविक्रमराव हसले नाहीत. ते गादीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पिशवी ऑटोत विसरली नव्हती," ते म्हणाले. "हिसकावली. त्या वळणावर. सुरा दाखवला. तेव्हापासून मला तिथून जाता येत नाही. मला भीती वाटते, देवाप्पा. हे घेऊनसुद्धा वाटते."

 देवाप्पा त्यांच्या शेजारी गादीवर बसले. "श्रावणात माझा फोन तिथंच गेला अण्णा. बायकोला सांगितलं, हौदात पडला."

"माझी कर्णफुलं," सोयराबाई म्हणाल्या आणि पदराआडून कान दाखवले. "लेकीला म्हटलं, मोडायला टाकली."

एकेक करून पाच जणांची गोष्ट निघाली. पाचही जण रोज एकमेकांसमोर बसत होते, आणि प्रत्येकाने आपापली लपवून ठेवली होती. त्या दिवशी प्रसादाचा चुरमुरा हातात घेऊन सगळे तसेच तक्रार द्यायला गेले. वळणावरचा दिवा महिनाभराने लागला. पण त्याची वाट कोणी पाहिली नाही. दुसऱ्याच दिवसापासून आठ वाजता पाचही जण एकदम आवरू लागले, आणि सगळे गप्पा मारत मेट्रोपर्यंत एकत्र चालू लागले. पहिल्या दिवशी वळण आले, तेव्हा त्रिविक्रमरावांनी सवयीने कमरेवर हात नेला. तिथे मी नव्हते. मेट्रोने जायचे म्हणून मला तिजोरीत ठेवले होते. त्यांच्या दुसऱ्या हाताला देवाप्पांनी धरले होते. हे मला त्यांनीच नंतर सांगितले, मला परत करायला निघाले तेव्हा.

आता मी पुन्हा महांतेशअण्णांच्या काचेच्या कपाटात आहे. माझ्या चकरीत शिरलेले कुंकू काढताना त्यांनी मला, पद्मावतीबाईंना आणि शास्त्रीबुवांना दोन भाषांत बोल लावले. चिकपेटेतले दुकान अजून आहे, आजोबांचीच गादी आहे, आणि त्रिविक्रमराव तिच्यावर पुन्हा ऐसपैस मांडी घालून बसतात. खरे सांगते, थोडे वाईट वाटते. मी त्यांच्या काही उपयोगी पडले असेन, तर ते कुंकू लावून उघड्यावर पडले तेव्हाच.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याला हात लावू नका. मोठ्यांना सांगा, त्याला रिकामे ठेवा, कुलपात ठेवा, तेलाने पुसा, कोणाच्या नजरेला पडू देऊ नका. आम्हाला लपवलेलेच बरे. पण भीती मात्र लपवू नका. तिला दारात न्या, साडीसारखी उन्हात धरा आणि शेजाऱ्याला हाक मारा. कदाचित तोही आपली घेऊन पायरीवर येईल.