नाव सांगायची वेळ

चिझुरूने आपल्या कवितेची चिठ्ठी टोपलीत टाकली आणि निवांतपणे चहाचा पेला उचलला. आजही आपलीच कविता निवडली जाणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. दोन वर्षांपूर्वी नवरा शिंगो आजारात गेला, तेव्हापासून दर शनिवारी ती या हायकूमंडळात येत होती. सतरा अक्षरांत कोंबलं की दुःखालाही अंग चोरून बसावं लागतं. हे औषध तिला चांगलंच लागू पडलं होतं.

आजचा तिचा शेवटचा शनिवार. गुरुवारी ती कायमची ओसाकाला, बहिणीकडे निघणार होती. सासऱ्यांना, म्हणजे तोकुझोआजोबांना, ती विटली होती. मुलाच्या अंत्यविधीला ते कोरड्या डोळ्यांनी उभे राहिले, नंतर त्याचा विषयही काढेनात. मंडळात तिच्यासोबत येत, मुळ्यावर नाहीतर मांजरावर दोन ओळी खरडत आणि डुलक्या घेत. असल्या दगडाबरोबर किती दिवस काढायचे?

मंडळ चालवणाऱ्या कुवाबाराबाईंनी चिठ्ठ्या पिसून वाटल्या. वाट्याला आलेल्या चिठ्ठ्या प्रत्येकाने आपल्या अक्षरात उतरवायच्या, म्हणजे वाचणाऱ्यांना कवी ओळखू येत नाही. मग निवड. कविता निवडली गेली की कवीने आपलं नाव मोठ्याने सांगायचं.

चिझुरूच्या तिसऱ्या चिठ्ठीवर होतं:

हिवाळी ऊन
सून कामाला जाता
मुलाचे बूट

वाकडंतिकडं अक्षर. घरच्या वाणसामानाच्या यादीत सासऱ्यांचं हे अक्षर ती नेहमी वाचायची. शिंगोचे संत्र्याच्या बागेतले बूट अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी दारातून नाहीसे झाले होते. म्हाताऱ्याने ते फेकून दिले, असं तिने मनात धरलं होतं आणि त्याबद्दल त्यांना कधी माफ केलं नव्हतं.

म्हणजे ते घरातच होते. तिने ओळी उतरवल्या. शेवटच्या शब्दावर शाई फुटली.

पाच जणांनी तीच कविता निवडली, त्यांत चिझुरूही होती. तिची स्वतःची आज कोणीच निवडली नाही, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"कोणाची ही?" कुवाबाराबाईंनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"अहो, नव्या नवरीसारखं लाजताय काय? सांगा की नाव!" मासेवाला हिराओका ओरडला.

तोकुझोआजोबांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. गालांवरून पाणी ओघळत होतं. दुसऱ्याचं नाव आपण सांगायचं नाही, असा इथला रिवाज होता.

"तोकुझो!" ती खणखणीत आवाजात म्हणाली.

आजोबांनी बाहीने तोंड पुसलं.

"एवढ्या जोरात कशाला? बहिरा नाही मी." मग तिच्याकडे न बघता हळूच म्हणाले, "गुरुवारी तू गेलीस, की माझं नाव कोण सांगणार?"

कुवाबाराबाई फळ्यावर पुढच्या शनिवारचा विषय लिहीत होत्या: कांद्याची पात. चिझुरूने वही उघडली आणि तो उतरवून घेतला.